सायमाच्या घरातली झुरळं

आमच्याकडे झुरळं मारत नसत, गोठवत असत. जानेवारीत पारा उणे तिसाच्या खाली गेला की ज्याच्या घरात झुरळं असतील त्याने चूल विझवायची, दारं-खिडक्या सताड उघड्या टाकायच्या आणि बिऱ्हाड उचलून शेजाऱ्याकडे जायचं. तीन रात्री तिथे राहायचं. चौथ्या दिवशी परत येऊन मेलेली झुरळं झाडून काढायची आणि चुलीच्या पहिल्या जाळात टाकायची. शेजाऱ्याने नाही म्हणायचं नाही, आणि ताटावर बसल्यावर कोणी झुरळाचं नाव काढायचं नाही. पाहुणे थंडीमुळे आलेत असंच सगळ्यांनी धरून चालायचं. माझ्या आजीच्या वेळेपासून हे असंच चालत आलं होतं.

माझ्या घरात मात्र झुरळ नव्हतं. ओट्टोने, माझ्या नवऱ्याने, ते कोऱ्या लाकडांचं बांधलं, त्यात दोन हिवाळे राहिला आणि मग युद्धावरून परत आलाच नाही. मूलबाळ नाही. राहिलं ते घर, एक गाय, आणि झुरळ नसल्याचा गर्व. तो मी बोलूनही दाखवायची, खोटं कशाला सांगू. दुकानात कोणी बाई झुरळांचं रडगाणं गायला लागली की मी मान जरा वर करून मीठ मागत असे.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर कार्पिनेन यांचं घर. ते नेस्तोरीच्या आजोबांच्या वेळचं, आणि झुरळंही बहुतेक त्याच वेळची. नेस्तोरी, त्याची बायको व्हिएनो आणि तीन मुली, अशी पाच माणसं दर जानेवारीला गोठलेल्या तळ्यावरून माझ्याकडे येत. घसरगाडीवर बटाट्यांची पोती, पिठाची काठवट, भिंतीवरचं घड्याळ आणि गोधडीत गुंडाळलेली जिरेनियमची कुंडी. मी पहाटेपासून अंगणातला वाफेच्या अंघोळीचा सौना तापवून ठेवलेला असे. आधी सगळ्यांनी तिथे जायचं, कपडे बाहेर बर्फावर टाकायचे, अंग घासायचं आणि माझ्या घरच्या स्वच्छ कपड्यांत आत यायचं, म्हणजे शिवणीत लपून एखादं झुरळ बरोबर यायला नको. नेस्तोरी ओट्टोच्या विजारीत आत येई. ती त्याला घोट्याच्या वर राहायची आणि दर वर्षी तो म्हणायचा, मालकीणबाई, विजार आटली की मी वाढलो?

त्या तीन रात्रींसाठी मी वर्षभर कॉफी साठवायची. कॉफी तेव्हा कुपनावर मिळायची, त्यामुळे साठवायची म्हणजे मी स्वतः चिकोरीचा काढा पिऊन दिवस काढायचे. पण डबा भरला की मला बरं वाटे. सर्वांत धाकटी इंकेरी माझ्याशेजारी झोपायची आणि आपले बर्फासारखे पाय माझ्या पोटऱ्यांना लावायची. सकाळी चुलीपाशी दोन बायका असल्या की एक पीठ मळते आणि दुसरी नुसती बोलते, ते मला फार आवडायचं. मी मळायची, व्हिएनो बोलायची. ती निघून गेली की पुढचे दोन दिवस मी एकटीच दोघींचं बोलायची, आणि मग तेही थांबायचं.

ज्या वर्षीची ही गोष्ट आहे त्या वर्षी शरदात दुकानात पांढरी पावडर आली. कागदी नळकांड्यात भरलेली, वर भोकं. नेस्तोरीने दोन नळकांडी नेली आणि नाताळच्या आधी व्हिएनो मला दुकानात भेटली तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"सायमाबाई, सुटलात तुम्ही," ती म्हणाली. "फळ्यांमागे, चुलीमागे, सगळीकडे मारली. आठ दिवसांत एक म्हणून शिल्लक नाही. यंदा तुमच्या डोक्यावर येऊन बसणार नाही आम्ही."

मी म्हटलं, बरं झालं बाई, केवढा तो पसारा दर वर्षी. तिने माझा हात दाबला आणि ती गेली. मी मीठ घ्यायला विसरले आणि घरी परत आल्यावर ते लक्षात आलं. गरज सरो, वैद्य मरो, असं मी गाईला ऐकवलं. व्हिएनोचा यात काही दोष नव्हता हे मला कळत होतं. कळून राग जातो असं थोडंच आहे.

जानेवारीत थंडी आली ती कडाक्याची. पारा उणे बत्तीस. मी सवयीने उठून तळ्यापलीकडे बघितलं. घर गोठवायला काढलं की धुराडं थंड असतं. कार्पिनेन यांच्या धुराड्यातून धूर सरळ वर चढत होता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी पाहुण्यांच्या गाद्या झटकून अंथरल्या, त्यांच्याकडे बघितलं आणि परत गुंडाळल्या. कॉफीचा डबा फळीवर भरलेला होता. एकटीने ती कॉफी प्यावी असं मला वाटेना. त्या दिवशी मी चुलीसमोर बसून रडले, आणि माझ्यासारख्या बाईला रडणं शोभत नाही म्हणून स्वतःवरच चिडले.

चौथ्या दिवशी सकाळी मी चूल विझवली.

विचार केला असता तर केलं नसतं. राख काढली, पाण्याची बादली ओतली, तळघरातले बटाटे पोत्यात भरले, काठवट, घड्याळ आणि ओट्टोचा फोटो घसरगाडीवर बांधला आणि दोन्ही खिडक्या उघडून टाकल्या. बर्फाची वाफ घरात शिरली तेव्हा मला वाटलं, अगं बाई, काय करतेस? पण तोवर गाडीची दोरी खांद्यावर होती. गायीची चिंता नव्हती, गोठा वेगळा. धार काढायला दिवसातून दोनदा यायचंच होतं.

दारात मला बघून व्हिएनोने आधी गाडीवरचं सामान बघितलं आणि मग माझं तोंड. मी म्हटलं, "मला झाली."

खोटं बोलावं पण रेटून, म्हणून मी पुढे आणखीही सांगितलं. नाताळातच पहिलं दिसलं, मग पाण्याच्या बादलीखाली, मग पिठात. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की व्हिएनो लाल होत चालली आहे. माझ्या कोऱ्या घरात झुरळं आली कुठून? माझ्याकडे येतं कोण? वर्षाचे तीन दिवस हीच माणसं.

"आमचीच गेली असणार," ती हळूच म्हणाली. "इतकं घासूनसुद्धा."

नेस्तोरीला मजा वाटली. तो म्हणाला, इतकी वर्षं मालकीणबाई नाक वर करून चालायच्या, आता आमच्या पंगतीला बसल्या. व्हिएनोने त्याला गप्प केलं आणि माझ्यासाठी सौना तापवायला गेली. मी काय केलं होतं ते मला तेव्हा समजलं. आम्ही या भागातल्या बायका. शेजारणीच्या घरात झुरळ सोडलं, यापेक्षा मोठी नाचक्की आमच्याकडे नाही. ती मी तिच्या माथी मारली होती, तीन रात्रींसाठी. तेव्हाच खरं सांगून परतले असते तर निभावलं असतं. पण सौनाचा धूर दिसू लागला होता, आणि आतून मुलींचा आवाज येत होता, आणि मी राहिले.

त्या घरात मी राहिले खरी, पण जे हवं होतं ते मिळालं नाही. माझ्या घरी ती पाच माणसं आली की त्यांना दुसरं कामच नसे, म्हणून ती माझी असत. इथे मात्र ज्याला त्याला आपापलं काम होतं. नेस्तोरी लाकूडतोडीला, मोठ्या दोघी शाळेला. इंकेरी आता बहिणीजवळ झोपायची, मला मधल्या खोलीत बाकावर जागा. मी कॉफीचा अर्धा डबा नेला होता. ती सगळ्यांनी घेतली, छान झालीय म्हणाले आणि उठले. व्हिएनो पीठ मळायची आणि मी शेजारी उभी राहायची, पण ती बोलायची नाही. माझ्याकडे बघायचीही नाही. भाकरी मात्र पहिली मला वाढायची. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला माणसं, आणि मधे मी माझ्या घरात असते त्याहून जास्त एकटी.

दुसऱ्या दिवशी जेवताना नेस्तोरी म्हणाला, "शनिवारी सकाळी मी येतो तुमच्याबरोबर. गोठलेली चूल एकदम पेटवली तर विटा फुटतात, ती हळूहळू धरावी लागते. आणि व्हिएनो झाडू घेऊन येईल."

झाडू. दर वर्षी चौथ्या दिवशी मीच नाही का झाडू घेऊन व्हिएनोबरोबर गेले? यजमानीण बरोबर जाते आणि मेलेली झुरळं झाडून देते, हीच रीत. तिच्या जमिनीवर ओंजळी-ओंजळीने पडलेली मी स्वतः भरली होती. माझ्या जमिनीवर शनिवारी काय असणार होतं? धुतलेल्या फळ्या. सायमाबाईने झुरळ नसलेलं घर गोठवलं, शेजाऱ्याच्या पानावर बसण्यासाठी. हे नेस्तोरी दुपारपर्यंत दुकानात सांगणार. तो वाईट माणूस नाही, पण गोष्ट मिळाली की त्याच्या पोटात राहत नाही. आणि व्हिएनोला कळणार की तिची मान मी उगाच खाली घालायला लावली. त्यानंतर त्या दारात मला कोण उभं करणार? एवढं एक दार होतं मला.

मी म्हटलं, मी एकटी जाईन, तुम्ही कशाला त्रास घेता. नेस्तोरी म्हणाला, वेड लागलंय का.

त्या संध्याकाळी धार काढायला गेले तेव्हा कंदील घेऊन माझ्या उघड्या घरात जाऊन उभी राहिले. भिंतींवर पांढरं दव गोठलं होतं. जमीन अशी स्वच्छ की माझ्या आईला अभिमान वाटला असता. राखेतले कोळसे पसरावेत का? काळे मनुके? एकदा तर वाटलं, उरलेल्या अर्ध्या डब्यातल्या भाजलेल्या बिया टाकाव्यात, मिणमिणत्या उजेडात तशाच दिसतात. पण नेस्तोरी कॉफी मैलावरून ओळखतो. हसू आलं मला, आणि मग कंदील उचलून मी गोठ्यात गेले.

शुक्रवारी सकाळी व्हिएनो विहिरीवर गेली तशी मी गुडघ्यांवर बसले. कार्पिनेन यांच्या घरात शेकडो झुरळं मेली होती, दहा-वीस तरी कुठे राहिली असतील. चुलीखाली हात घातला, बाकामागे बघितलं, फळीमागे सुरी फिरवली. व्हिएनोने घर असं झाडलं होतं की धुळीचा कण नाही. चुलीखालून डोकं काढून वळले तर इंकेरी उभी.

"मावशी, काय शोधतेस?"

मी म्हटलं, सुई पडली.

"सुई चकाकते," ती म्हणाली. "मी शोधू?"

मी म्हटलं, राहू दे, सापडली. ती माझ्या रिकाम्या हाताकडे बघत राहिली. सहा वर्षांची पोर, पण डोळे आईचे. दुपारी मला ती आईच्या मांडीवर बसून काहीतरी सांगताना दिसली आणि व्हिएनोचा हात तिच्या वेणीवर थांबलेला दिसला. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी तिथून उठून लाकडं आणायला गेले.

संध्याकाळी मी शाल घ्यायला लागले तशी व्हिएनोने दुधाची बादली माझ्या हातातून घेतली. "तुम्ही खोकताय सकाळपासून. आज तुमची गाय मी बघते."

मी खोकत नव्हते. तसं म्हटलंही. तिने ऐकलं नाही, कंदील घेतला आणि गेली. एका गाईची धार काढायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ तिने लावला. परत आली तेव्हा तिच्या बोटांना काजळी होती आणि एक बोट खरचटलेलं. मी विचारलं तर म्हणाली, कंदिलाची काच. माझं लक्ष शनिवारात होतं, मी पुढे काही विचारलं नाही.

शनिवारी आम्ही तिघं तळ्यावरून निघालो. नेस्तोरी पुढे, खांद्यावर पेटवणाच्या कपच्या, मधे मी, सामानाची घसरगाडी ओढत, मागे व्हिएनो, काखेत झाडू. मी वाटभर मनात वाक्यं जुळवत होते. म्हणेन, व्हिएनो, मला माफ कर. म्हणेन, मला घर खायला उठतं. म्हणेन, डोकं फिरलं होतं. एकही वाक्य दारापर्यंत टिकलं नाही. नेस्तोरी उंबरा ओलांडून आत गेला आणि मी पायरीवरच थांबले. ओट्टो गेल्याची चिठ्ठी आली तेव्हाही मी तिथेच उभी होते.

"आईशप्पथ," आतून नेस्तोरीचा आवाज आला. "मालकीणबाई, या बघायला. सगळी खलास."

मी आत गेले. चुलीसमोर जमिनीवर झुरळं पडली होती. चाळीस असतील, पन्नास असतील, पाय वर करून, काही बाकाखाली, काही थेट भिंतीपर्यंत. मला वाटलं देवानेच केलं. मग वाटलं, म्हणजे माझ्या घरात खरंच होती की काय, आणि इतकी वर्षं मी मान वर करून मीठ मागत होते?

खाली वाकून मी एक उचललं. हातमोजा काढून तळव्यावर ठेवलं. त्याच्या पायांना आणि मिशांना पांढरं लागलं होतं. दव असेल म्हणून मी त्यावर श्वास सोडला. ते विरघळलं नाही, बोटाला पावडर लागली. माझ्या घरात ती पावडर कधी आलीच नव्हती.

मी मान वर केली. व्हिएनो झाडायला लागलीही होती, माझ्याकडे पाठ करून, भराभरा, नेस्तोरीने नीट बघायच्या आत. झाडू धरलेल्या बोटावर चिंधी बांधलेली होती. आपल्या चुलीमागच्या कुठल्या सैल विटेआड तिने हात घातला होता कोण जाणे. शालीत बांधून, तळं ओलांडून, माझ्या उघड्या घरात येऊन, कंदिलाच्या उजेडात ती माझ्या जमिनीवर झुरळं पेरून गेली होती. माझी झाकली मूठ झाकलेलीच राहावी म्हणून. आणि नेस्तोरीच्या लेखी ती स्वतःच झुरळं पसरवणारी बाई ठरली होती, तीही आता पुराव्यासकट.

नेस्तोरी बाहेर लाकडं आणायला गेला. मी म्हटलं, "व्हिएनो."

"पाय उचला," ती म्हणाली. मी पाय उचलला. तिने माझ्या बुटाखालून झाडून घेतलं, सगळं सुपडीत भरलं आणि चुलीच्या तोंडाशी ठेवलं. मग सरळ उभी राहिली आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे बघितलं.

"एका वेळेत ती जात नाहीत, सायमाबाई. अंडी राहतात. पुढच्या वर्षी परत गोठवावं लागेल."

"तुझ्याकडे पावडर आहे," मी म्हटलं.

"पावडरीचं काही खरं नाही," व्हिएनो म्हणाली. "तुम्ही आमच्याकडे यायचं की आम्ही तुमच्याकडे, ते थंडी पडली की बघू. पण पुढच्या वेळी जे व्हायचं असेल ते मला आधी सांगा. मी दोन रात्री झोपले नाही."

मी मान हलवली. लाज वाटत होती, आणि लाजेहून मोठंही काहीतरी होतं, आणि मी रडले तर डोळ्यांतलं पाणी तिथेच गोठलं असतं म्हणून मी रडले नाही. नेस्तोरी लाकडं घेऊन आत आला आणि आम्ही दोघी बाजूला झालो. त्याने चूल धरली, पहिल्या जाळात झुरळं टाकली, मला सूचना दिल्या: दर तासाला दोनच लाकडं, उद्यापर्यंत घाई करायची नाही. मग ती दोघं गेली. मुली घरी एकट्या होत्या.

घर तापायला दीड दिवस लागला. मी कोट घालून चुलीसमोर बसले. भिंतींवरचं दव वितळून खाली ओघळत होतं, टप टप, आणि दुसरा काही आवाज नव्हता, कारण गार तेलाने घड्याळ चालायला तयार नव्हतं. खिडकीतून पलीकडचा धूर दिसत होता. पुढचा जानेवारी यायला अख्खं वर्ष होतं, आणि ते वर्ष मला एकटीलाच काढायचं होतं, त्यात काही बदललं नव्हतं. संध्याकाळी कपभर कॉफी करावी असं फार वाटलं. उठले, फळीवरचा अर्धा डबा खाली घेतला, झाकण काढून वास घेतला.

मग झाकण घट्ट लावलं आणि चिकोरीचं पाणी उकळायला ठेवलं.